अस्तर नको

माझ्या थोरल्या बहिणीच्या अंगावर कोडाचे दोन डाग होते. एक उजव्या काखेपाशी, दुसरा डाव्या. दोन्ही चंद्रकोरीच्या आकाराचे. दोन्हींची लांबी पावणेसहा इंच, आणि दोन्हींची बाहेरची कड कंपासने ओढावी तशी स्वच्छ.

१९८५ सालच्या मे महिन्यातल्या एका बुधवारी, अकोल्याच्या आमच्या घरात, ताईने बाजारातून आणलेला पुडा उघडला आणि आतले कापड आपल्या पालथ्या हातावर पसरले. ऑर्गंडी होती, फिकट लिंबू रंगाची. कापडाखाली तिची बोटे, अंगठी, मनगटावरचा तीळ, सारे जसेच्या तसे दिसत होते.

“आई, याचा ब्लाउज शिवायचाय. रविवारसाठी.”

आईने चष्मा लावला आणि कापडाचे टोक चिमटीत धरले. तिने शिवणाचा डिप्लोमा केला होता आणि चांगल्या कापडापुढे तिचा चेहरा सैल पडत असे. “पोत सुरेख आहे गं. अस्तर कोणतं आणलंस?”

“अस्तर नको.”

“पाठीला नको म्हणतेस?”

“कुठेच नको. बाही आखूड. आणि काखेतला मुंढा अंगाबरोबर बसायला हवा, सैल नको.”

आईने कापड खाली ठेवले. कोपऱ्यात माईआत्या सुपारी कातरत बसली होती, अडकित्ता थांबला. माईआत्या म्हणजे आमच्या वडिलांची थोरली बहीण. वडील गेल्यापासून घरातले पुरुषी निर्णय ती मूर्तिजापूरहून येऊन घेत असे. रविवारचे वाशीमचे पाहुणेही तिनेच ठरवले होते.

“काहून गं कुंदे,” आत्या म्हणाली, “पाहुण्यांना ब्लाउज दाखवून राहिलीस का स्वतःले?”

“स्वतःला. पाहायलाच येतायत ना ते?”

“मी त्यांना अर्धी गोष्ट सांगून ठेवली आहे.”

“कुठली अर्धी?”

“नोकरी पक्की असल्याची.”

ताई हसली. “उरलेली अर्धी ऑर्गंडी सांगेल.”

कुंदाताई तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होती. डाग उठल्यापासून ती कोपरापर्यंत बाह्यांचे, जाड कापडाचे ब्लाउज घालत असे. ते सगळे आई घरी शिवी, कारण शिंप्याने माप घ्यायचे म्हणजे हात वर करावा लागतो. वर्गातही ती फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिही. डाग उठल्यानंतर तीन स्थळे पाहून गेली, तिघांनाही ती पसंत पडली होती, आणि तिन्ही वेळा साखरपुड्याआधी तिने स्वतः पत्र लिहून डागांविषयी कळवले होते. तिन्ही पत्रांना उत्तर आले नाही. माईआत्याच्या मते हा मूर्खपणा होता. लग्नानंतर कळलेली गोष्ट ही पाहुण्यांची अडचण असते, आपली नाही, असे तिचे म्हणणे.

“पत्रं लिहून कंटाळले मी,” ताई म्हणाली. “यावेळी आधीच दिसू दे. पळायचं असेल तर पोहे खायच्या आधी पळतील.”

आई उठली. “मी नाही शिवणार हे. माझ्या हातून नाही व्हायचं.”

“मग मशीन दे. विभा शिवेल.”

विभा म्हणजे मी. मी नागपूरला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि सुट्टीसाठी घरी आले होते. चिनीमातीच्या मुशीत पदार्थ जाळून त्याचे वजन मिलिग्रॅमपर्यंत सांगणे मला येत होते. ब्लाउज शिवणे येत नव्हते. परंतु कोणतेही काम मापे बरोबर असली की जमते, अशी त्या वयात माझी समजूत होती.

गुरुवारी सकाळी मी ताईचे माप घेतले. छाती, उंची, खांदा, मुंढा. आमच्याकडे कोणी अशी मापे घेत नसे. अंगावर बसणारा एखादा जुना ब्लाउज ‘मापाचा’ म्हणून समोर ठेवायचा आणि त्याबरहुकूम कापायचे, ही रीत. मला ती अशास्त्रीय वाटली. आलेखाच्या कागदावर मी मागचा भाग, पुढचा भाग आणि बाही काढली. टेप हातात होताच, म्हणून डागांचीही लांबी घेतली.

“ताई, हे दोन्ही अगदी सारखे आहेत.”

“दोन बाह्याही सारख्याच लागतात ना? काप आता.”

कोड पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारखे उठते, हे मी वाचले होते. परंतु वाचलेल्या वर्णनातल्या कडा नकाशातल्या किनाऱ्यासारख्या वाकड्यातिकड्या होत्या. इथे कड एका वळणात जात होती. मी ते वहीत लिहिले आणि कात्री उचलली.

झिरझिरीत कापडाचा एक गुणधर्म कोणत्याही पुस्तकात दिलेला नाही: त्यात चूक लपत नाही. साध्या कापडात शिलाईच्या आत अर्धा इंच माया सोडली की ती कुणाला दिसत नाही. ऑर्गंडीत माया दिसते, तिच्या सुटलेल्या दशा दिसतात, वाकडा गेलेला टाका दिसतो, उसवून पुन्हा घातलेला टाकाही दिसतो. माझी पहिली शिलाई खांद्यावर होती. ती मी चार वेळा उसवली. चौथ्या वेळी खांद्यावर भोकांची एक बारीक वाट तयार झाली.

आई स्वयंपाकघराच्या दारातून जाता जाता म्हणाली, “सुई कितीची आहे?”

“होती तीच.”

“सोळाची असेल. त्याने काय गोणपाट शिवायचंय? अकराची घाल.”

मी अकराची सुई घातली. पाच मिनिटांनी ती पुन्हा दारात.

“ओढू नकोस गं. मशीन आपण होऊन कापड घेतं. तू नुसतं दिशा दाखव.”

“तू शिवणार नव्हतीस ना?”

“शिवतेय का मी? बोलतेय.”

माईआत्या आतून म्हणाली, “बोलू नको वहिनी, बोलू नको. बोलशील आणि तिचं साधेल.”

दुपारी मी बाह्या कापल्या. कापड दुमडून कापले तर मापात फरक पडतो, या शंकेने एकेक बाही सुटी कापली. दोन्ही एकमेकींवर ठेवल्या तेव्हा लक्षात आले की दोन्ही डाव्या आहेत. ताईने त्या पाहिल्या. आत्याने पाहिल्या आणि ती इतकी हसली की तिला ठसका लागला.

“एमेस्सी बाई! पोरीचे दोन्ही हात डावीकडे!”

मी एक बाही उलटी केली. ऑर्गंडीला उलट बाजू आणि सुलट बाजू नसते, दोन्ही सारख्या. उलटी केलेली बाही उजवी झाली. आत्याचे हसू थांबले.

“असं होय,” ती म्हणाली. “म्हणजे या कापडाले पाठ नाही की पोट नाही.”

शुक्रवारी आई मशीनवर येऊन बसली. माझ्या हातातून पुढचा भाग घेतला, मी घातलेले टक्स उसवले आणि नव्याने घातले. मग कडा कशा बंद करायच्या ते दाखवले: आधी दोन तुकडे बाहेरच्या बाजूने शिवायचे, उरलेली माया अगदी बारीक कापायची, मग कापड उलटवून त्यावरून पुन्हा शिवायचे, म्हणजे कापलेली कड शिलाईच्या पोटात जाते आणि बाहेरून एक काडीएवढी रेघ राहते. तिच्या शिलाया तशाच आल्या, काडीएवढ्या. माझ्या खांद्यावरची भोके मात्र तिलाही मिटवता आली नाहीत.

“हे राहू देऊ,” ताई म्हणाली. “बाकीचं दिसणार आहे, तिथे हेही दिसेल.”

“तुला भीती नाही का गं वाटत?” आईने मशीनवरून नजर न काढता विचारले.

“वाटते ना. तिसऱ्या पत्राच्या वेळी जास्त वाटली होती. पेटीत टाकल्यावर हात घालून काढता येईना.”

आईने पाय थांबवला. मशीनचे चाक आपल्याच वेगाने दोन फेरे फिरले.

“मी तुला काही लपवायला शिकवलं नव्हतं,” ती म्हणाली.

“शिकवलं आई. सात वर्षं शिकवलंस. मी चांगली विद्यार्थिनी नव्हते, एवढंच.”

रविवारी पाहुणे चारला येणार होते. दोनच्या सुमारास ताईने ब्लाउज घातला आणि माजघरात येऊन उभी राहिली. साडी अजून नेसायची होती. उन्हामुळे खिडक्यांना वाळ्याचे पडदे सोडले होते, त्यामुळे उजेड कमी होता. तरीही दोन्ही दंडांच्या आतल्या बाजूचा आणि मुंढ्याच्या पुढचा पांढरा भाग लिंबू कापडाखाली स्पष्ट दिसत होता. ब्लाउज बेतशीर बसला होता. आईने तिला एकदा पुढून आणि एकदा मागून पाहिले.

“छान दिसतेस,” ती म्हणाली, आणि हे तिला म्हणावेसे वाटत नव्हते, हे आम्हा तिघींना कळले.

मग ती आत गेली आणि सुईदोरा घेऊन परतली. तिच्या दुसऱ्या हातात दोन तुकडे होते.

“एवढं तरी लावू दे. डाग दिसायचे ते दिसू देत. घाम कशाला दिसायला हवा?”

ताईने दोन्ही हात वर केले. तिच्या हात वर करण्यात सवय होती, जशी लहान मुलाला अंगरखा घालताना असते. आईने एकेक तुकडा ब्लाउजच्या आतून मुंढ्याशी धरला आणि कच्च्या टाक्यांनी जोडला. मी समोर उभी होते. विटकरी रंगाचे दोन चंद्रकोरीसारखे तुकडे ऑर्गंडीतून दिसू लागले.

पांढरे कोठेही दिसत नव्हते.

मी पुढे जाऊन पाहिले. तुकडा जिथे संपत होता तिथेच त्वचेचा सावळा रंग सुरू होत होता. उजवीकडे तसेच. डावीकडेही तसेच. मी टेप आणला आणि तुकड्याची लांबी मोजली. पावणेसहा.

“आई, हे काय आहे?”

“रबरशीट. तान्ह्या बाळाखाली घालतात ती, एका बाजूने रबर, एका बाजूने कापड. काखेत लावली की घाम कापडाला लागत नाही.”

“हे तू नेहमी लावतेस?”

“कुंदाच्या सगळ्या ब्लाउजना. तुझ्या नाही, तू कुठे घालतेस ब्लाउज.”

“रबराची बाजू अंगाकडे आहे.”

“मग? कापडाकडे लावली तर घाम शोषला नाही का जाणार?”

“केव्हापासून?”

आईने दोरा दातांनी तोडला. “अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यापासून. बुलढाण्याचे पाहुणे आले होते तेव्हापासून. त्यांच्यातली एक बाई हिच्या काखेकडे बघत होती. बोलली काही नाही. नुसती बघत होती, ही पाणी द्यायला वाकली की बघायची. त्यांचा नकार आला. दुसऱ्या दिवशी मी रबर आणलं.”

“ताई, डाग कधी दिसले?”

“ऐंशीच्या दिवाळीत.” ताईचे हात अजून वरच होते. ती माझ्याकडे पाहत होती. “विभा, काय म्हणायचंय तुला?”

मी सांगितले. रबर लवकर कुजू नये म्हणून त्यात काही द्रव्ये मिसळतात. त्यांतली काही फिनॉलच्या घराण्यातली असतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी अशा द्रव्याला आपला कच्चा माल समजतात, आत घेतात आणि मरतात. बहुवारिकांच्या, म्हणजे पॉलिमरच्या, तासाला आमच्या सरांनी चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांची हकिकत सांगितली होती: रबरी हातमोजे घालून त्यांचे हात पांढरे पडले होते, ते बरोबर हातमोज्याच्या कडेपर्यंत.

“ताई, हे कोड नाहीये!”

माझा आवाज चढला असावा. माईआत्या दारात आली. “कोड नाही? नक्की?”

“नक्की म्हणायला प्रयोग करावा लागेल,” मी म्हणाले. “पण शंकेला जागा फार थोडी आहे.”

आत्याने यातले दुसरे वाक्य घेतले आणि ती देवघराकडे गेली.

आई खाली बसली होती. बसली कधी ते मी पाहिले नव्हते. तिने ताईच्या कपाटातले ब्लाउज ओढून मांडीवर घेतले आणि एका ब्लाउजच्या मुंढ्यात कात्री घातली. रबराचा एक तुकडा सुटून फरशीवर पडला. मग दुसरा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि कात्री कापडाच्या फार जवळून जात होती.

ताईने हात खाली घेतले, तिच्यापुढे बसली आणि कात्री काढून घेतली.

“आई, अशी कापशील तर ब्लाउजही जाईल.”

“मीच केलं गं हे. मीच.”

“तू घाम लपवलास. रबर असं करतं हे तुला कुणी सांगितलं होतं? डॉक्टरने सुद्धा नाही विचारलं, ब्लाउजमध्ये काय असतं म्हणून. ऊठ. माझे हे दोन काढ आधी. नाहीतर विभाला काढू दे. नको, विभाला नको. तूच काढ.”

आईने काढले. साडेतीनला ताईने साडी नेसली. खांदा, बाही, पाठ, सारे उघड ठेवून तिने पदर एका पदरी सोडला.

पाहुणे दोनच होते: मुलगा शशिकांत, जो वाशीमच्या तहसील कचेरीत होता, आणि त्याची आई. बाई बोलायला मऊ होत्या. त्यांनी ताईला शाळेविषयी विचारले, मुले किती, वर्ग कितवा, उन्हाळ्याचा त्रास होतो का. कूलर खोलीतली गरम हवा इकडून तिकडे फिरवत होता. ताईच्या काखेपाशी ऑर्गंडी ओली होऊन अंगाला चिकटत चालली आणि तिथे ती आणखीच पारदर्शक झाली. ताईने पोह्यांची बशी पुढे केली तेव्हा बाईंची नजर तिच्या दंडावर थांबली.

“बेटा, हे काय झालंय?”

ताईने बशी त्यांच्या हातात दिली आणि आपला उजवा हात खांद्याच्या वर नेला, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा. “पांढरे डाग आहेत काकू. दोन आहेत. दुसरा डावीकडे.”

बाईंनी बशी टिपॉयवर ठेवली. शशिकांतने कूलरकडे पाहिले. ताईने हात खाली घेतला आणि ती थांबली. ती कशासाठी थांबली होती, ते मला त्या वेळी कळले नाही.

“अहो, कोड नाही बरं ते!” माईआत्या म्हणाली. “रबरानं झालंय. आमची विभा एमेस्सी आहे, तिनं आत्ताच शोधून काढलं. सांग गं विभे.”

मी सांगितले. हातमोजे, कड, पावणेसहा इंच. चांगले सांगितले. मी बोलत असताना बाईंच्या खांद्यांवरचा ताण उतरताना मला दिसला आणि त्याचा मला आनंद झाला, हे नोंदवले पाहिजे. बोलणे संपल्यावर त्यांनी बशी पुन्हा उचलली.

“मग काही हरकत नाही,” त्या म्हणाल्या. “मी तर बशी ठेवूनच दिली होती. कोड असतं, तर आम्हाला विचार करावा लागला असता बाई.”

“काय विचार केला असता?” ताईने विचारले.

“आता नाही ना ते? मग कशाला तो विषय?”

“आहे असं धरून सांगा.”

“कुंदे,” आत्या म्हणाली.

“पुढच्या पिढीचा प्रश्न असतो,” बाई म्हणाल्या. “लोक विचारतात. घरात दोन लग्नाच्या मुली आहेत आमच्या. तू शिकलेली आहेस, तुला कळतं.”

ताई शशिकांतकडे वळली. “आणि तुम्ही?”

तो गोंधळला. माणूस वाईट नव्हता. “आई म्हणते त्यात गैर काय आहे? आणि आता तर प्रश्नच मिटला.”

“दहा मिनिटांपूर्वी प्रश्न होता. तेव्हा मी हीच होते आणि ब्लाउजही हाच होता. उद्या माझ्या कपाळावर तिसरा डाग उठला आणि तो रबराचा नसला, तर काय कराल? माझा विचार कराल, की विभाला बोलावून घ्याल?”

“असं कसं बोलता तुम्ही...”

“माझ्याकडून नकार समजा,” ताई म्हणाली. “पत्र पाठवत नाही, इथेच सांगते. काकू, पोहे गार होतायत. खाऊन जा, पाचच्या गाडीला वेळ आहे.”

त्यांनी पोहे खाल्ले नाहीत. माईआत्या त्यांना फाटकापर्यंत पोहोचवून परत आली ती बोलतच.

“हो म्हणाले होते गं ते! हो म्हणाले होते! कोड नाही म्हटल्यावर तर नड काय होती? माणूस आजारातून उठला की देवाला हात जोडतो. ही उठली आणि पाहुण्यांवर धावली!”

“मी आजारी नव्हते आत्या.”

आत्याने पिशवी भरली आणि संध्याकाळच्या गाडीने ती मूर्तिजापूरला गेली. त्यानंतर तिने आमच्याकडे स्थळ आणले नाही.

ताईने साडी बदलली. ब्लाउज मात्र तोच ठेवला. ती अंगणात, सावली आली होती तिथे, बाजेवर बसली. मी शेजारी जाऊन बसले. तिने शाबासकी द्यावी अशी माझी अपेक्षा होती.

“छान बोललीस तू,” ती म्हणाली. “वकिलासारखी.”

“मी खरं तेच सांगितलं.”

“हो. पण थोडं थांबायचं होतंस. मी हात वर केला तेव्हा ती बाई काहीतरी बोलणार होती. मला ते ऐकायचं होतं. त्यासाठी चार दिवस शिवत बसलो ना आपण? तू मध्ये पडलीस आणि मला मिळालं ते दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर.”

मी तिचा प्रयोग बिघडवला होता. चाचणीच्या मध्येच मी नळीत भलताच पदार्थ ओतला होता आणि तोही मदत म्हणून. यापेक्षा अचूक वाक्य मला आजही सापडलेले नाही.

“विचारून काढलंसच की ते,” मी म्हणाले.

“काढावं लागलं. आणि दुसरं. शाळेत आमच्या शिपाईणबाईंना खरंच कोड आहे. चेहऱ्यावर आहे. त्यांना मी उद्या काय सांगू? माझं रबराचं निघालं, मी सुटले?” ती माझ्याकडे वळली. “आणि तू ‘नाहीये’ म्हणालीस ते तरी कशावरून? दोन तुकडे जुळले म्हणून?”

“तुकडे जुळले, काळ जुळला, आणि—”

“जुळणं म्हणजे कारण नव्हे. हे तूच मला शिकवायचीस. माझी पत्रिका जुळली तेव्हा.”

तिचे बरोबर होते. मी आत जाऊन फरशीवरून रबराचा एक तुकडा उचलला आणि माझ्या पेटीत ठेवला.

नागपूरला गेल्यावर त्यातून मी एक त्रिकोण कापला, तिन्ही बाजू एक इंचाच्या. आजार कोणताही आकार घेऊ शकतो. सरळ बाजूंचा त्रिकोण घेत नाही. तो तुकडा मी डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने लावला. पट्टीचाच परिणाम होत असेल तर कळावा, म्हणून उजव्या दंडावर तशीच पट्टी लावली, रबराशिवाय. आंघोळीपुरत्या दोन्ही काढत असे आणि रोज नव्या लावत असे. खोलीतल्या मैत्रिणींना मी सांगितले की गळू झाले आहे. जून, जुलै, ऑगस्ट काही झाले नाही. खाज तेवढी सुटली, तीही दोन्हीकडे. सप्टेंबरच्या अखेरीस डाव्या दंडावर फिकट ठिपके दिसू लागले. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात ते एकमेकांत मिसळले. मी पट्टी सोडली. तीन कोनांचा, तीन सरळ बाजूंचा, स्वच्छ पांढरा त्रिकोण तयार झाला होता. उजव्या दंडावर काहीही नव्हते.

मी ताईला कळवले. उलट टपाली कार्ड आले: “मूर्ख आहेस. आईला सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. आता नक्की म्हण.”

म्हणते. आज चाळीस वर्षे झाली. ताईचे डाग त्यानंतर वाढले नाहीत आणि गेलेही नाहीत. माझा त्रिकोणही गेलेला नाही. मी बिनबाह्यांचे कपडे घालते. लोक विचारतात, मी सांगते.

डाग रबरातल्या द्रव्याने पडले. रबर आईने लावले, कारण घाम दिसू नये असे तिला वाटले. असे वाटायला एका पाहुणीची नजर पुरली. आणि घाम येत होता तो मे महिन्यामुळे. त्या महिन्यात अकोल्याचा पारा शेहेचाळीस अंशांवर जातो.